अर्ध्या तोळ्याची गोळी

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी उत्तर सांगायचं आणि मग प्रश्न विचारायचं. "मला थ्री-हंड्रेड मॅग्नम पाहिजे. हरणासाठी ठीक आहे ना?"

मी उलट तीन प्रश्न विचारायचो. कुठलं हरिण, कुठल्या भागात, आणि पडल्यावर ते उचलून गाडीपर्यंत कोण नेणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळत. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण खिडकीबाहेर बघत.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात पुरुषमंडळी एकमेकांना "तुम्ही काय करता?" विचारतात, तेव्हा मी "बंदुकांच्या दुकानात आहे" म्हटलं की समोरची कागदी प्लेट दोन इंच मागे सरकायची. म्हणून आधीच सांगतो. मी आयुष्यात एकही प्राणी मारलेला नाही. पिंपरीला चौदा वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, नट-बोल्ट मायक्रोमीटरने मोजायचो. बायकोला, म्हणजे नीलाला, लेस्टरच्या एका रुग्णालयाच्या लॅबोरेटरीत नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसाला चिकटून आलो. लेस्टरपासून पंचवीस मैलांवर एक बाजाराचं गाव आहे. तिथल्या दुकानदाराची जाहिरात पेपरात होती : "रजिस्टर लिहायला नीटनेटक्या हस्ताक्षराचा माणूस हवा." इथे बंदुकीचा आणि काडतुसांचा प्रत्येक व्यवहार लिहून ठेवावा लागतो आणि पोलीस येऊन तो वाचतात. माझं अक्षर बघून मालक मिस्टर हॅलम म्हणाले, "हे तर बायबलसारखं दिसतंय. सोमवारपासून ये." अरविंद त्यांना जमेना. मी आर्व झालो. वर्षभरात गिऱ्हाइकांशी बोलायलाही मीच उभा राहू लागलो, कारण हॅलमना गिऱ्हाइकांचा कंटाळा होता.

शिकार म्हटलं की आपल्याकडे राजेमहाराजे आठवतात. इथे तसं फारसं नाही. हरणं अमाप, त्यांना खाणारा लांडगा कधीच संपलेला, शेतं आणि रोपटी वाचवायची तर दरवर्षी काही हरणं मारावीच लागतात. हे काम करणारी माणसं साधी असतात. आमच्या भागातल्या एक सत्तरीच्या शेतकरीण बाई दर शरदात वीस काडतुसांचा एक डबा न्यायच्या आणि पुढच्या शरदात आल्या की म्हणायच्या, "एक उरलंय." वीस काडतुसं, एकोणीस हरणं. एकोणीसच का, असं एकदा विचारलं. म्हणाल्या, "एक मी जवळ ठेवते. चुकले तर." मी त्यांना कधी काही सुचवलं नाही.

सुचवावं लागे ते बाकीच्यांना. कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या दशांशात. हे ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण .२७० नावाच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .२७७ असतो. .३०३ची गोळी .३११ भरते. मी पहिल्या आठवड्यात मायक्रोमीटर लावून हॅलमना दाखवलं, तर ते म्हणाले, "ते नाव आहे, आर्व. माप नाही." पिंपरीत असा बोल्ट मी परत पाठवला असता. मग स्वतःची समजूत घातली, की शनिवार पेठेत तरी कुठे फक्त शनिवारी राहतात.

कायदा त्याहून मजेशीर. इंग्लंडच्या कायद्याला व्यास आणि जोर बघायचा असतो : .२४०पेक्षा बारीक गोळी नको आणि नळीतून सुटताना तिचा जोर सतराशे फूट-पाउंडांच्या खाली नको. एक पाउंड वजन एक फूट उचलायला लागणारा जोर म्हणजे एक फूट-पाउंड. स्कॉटलंडच्या कायद्याला व्यासाचं सोयरसुतक नाही. मोठ्या हरणासाठी गोळी किमान शंभर ग्रेन वजनाची, वेग सेकंदाला किमान २४५० फूट, आणि जोर साडेसतराशे. म्हणजे हद्दीच्या अलीकडचं हरिण पलीकडे गेलं की त्याला मरायला पन्नास फूट-पाउंड जास्त लागतात. हॅलम म्हणायचे, "स्कॉटिश आहे ना ते."

या सगळ्याचं मी एक टेबल केलं. डावीकडे कॅलिबर, वरती हरणांच्या जाती, चौकोनात बरोबरची किंवा फुलीची खूण, आणि प्रत्येक काडतुसाच्या डब्यावर छापलेले वेग आणि जोर. चार रंग, पट्टीने आखलेलं. काउंटरमागे लावलं. शेजारच्या तालुक्यातले लोक त्याची झेरॉक्स मागायला यायचे. हे मी अभिमानाने लिहितोय, कारण पुढे जे झालं ते त्या टेबलामुळेच झालं.

डॉक्टर सबनीस मंडळातले. डोळ्यांचे सर्जन. अकरा वर्षं एकाच रुग्णालयात, हाताखालच्या लोकांना शिकवून शिकवून ते लोक कन्सल्टंट झाले आणि डॉक्टर तिथेच. त्यांचे मुख्य मिस्टर व्हिटकम. इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात, तो बढतीचा प्रकार आहे. कन्सल्टंटची एक जागा दोन-तीन वर्षांत निघणार होती आणि व्हिटकम यांचा शब्द चालणार होता. व्हिटकम दर शरदात स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला जात. सबनिसांनी चार एकरांचं घर घेतलं, हिरवा कोट घेतला आणि एका शनिवारी वहिनींना घेऊन दुकानात आले.

"परांजपे, थ्री-हंड्रेड मॅग्नम दाखवा."

"कुठलं हरिण, डॉक्टर?"

"आत्ता बागेत येतं ते. मुंटजॅक. गुलाब खातं. आणि उद्या व्हिटकमनी बोलावलं तर स्टॅग, तिकडचा मोठा नर."

मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. बाहेरून आणलेला, एका बागेतून निसटलेला आणि आता सगळीकडे स्थायिक झालेला. उंची गुडघ्याएवढी. त्याच्यावर थ्री-हंड्रेड मॅग्नम झाडलेला एक बँकवाला आमच्याकडे येऊन गेला होता. मी विचारलं, मांस किती मिळालं? तो म्हणाला, "मागचा एक पाय सापडला."

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्यावर परिणाम झाला नाही. "व्हिटकम म्हणाले, प्रॉपर रायफल घे."

"मॅग्नमचा धक्का फार असतो. दुर्बीण मागे येऊन भुवईवर आपटते. अर्धचंद्राची खूण पडते. सोमवारी तुम्हाला मोतीबिंदू काढायचे असतात."

डॉक्टरांनी नकळत भुवईला हात लावला. तेवढ्यात वहिनींनी टेबलाकडे बोट केलं. "भावोजी, हे ग्रेन म्हणजे काय हो?"

"गोळीचं वजन. सोप्या भाषेत सांगायचं तर एकशेऐंशी ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. डॉक्टर म्हणताहेत ती गोळी एक तोळ्याची. आणि ही टू-फोर-थ्री शंभर ग्रेनची. अर्ध्या तोळ्याहून दहा ग्रेन जास्त."

"आणि या अर्ध्या तोळ्यात हरिण मरतं?"

"स्कॉटलंडचं मोठंसुद्धा. कायद्यात बसतं. हे बघा, बरोबरची खूण."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "अर्ध्या तोळ्यात होत असेल तर एक तोळा कशाला? माझ्या बाबतीत एवढा सढळ हात कधी झाला नाही तो."

टू-फोर-थ्री ठरली. परवान्यावर कॅलिबर लिहून आलं. मग अडचण आली कपाटाची. बंदूक विटांच्या भिंतीत ठोकलेल्या पोलादी कपाटातच ठेवावी लागते. सबनिसांच्या घरात तशा भिंती मोजक्या, आणि वहिनींनी एकच जागा देऊ केली : बॉयलरखालचा कोनाडा, जिथे त्यांच्या लोणच्याच्या बरण्या असत. बरण्या हलल्या, पण कोनाडा काही वाढला नाही. मी पोलादी टेप घेऊन गेलो. कपाट बसायचं ते आतून चाळीस इंच उंचीचंच. बंदूक चव्वेचाळीस.

"नळी सहा इंच कापून घ्या," मी म्हणालो. "हल्ली बरेच जण कापतात. आवाज कमी करायचा मॉडरेटर लावला की लांबी जास्त वाटते म्हणून. चोवीसची अठरा होईल, बंदूक अडतीस. वर दोन इंच हवा."

हॅलमच्या माणसाने नळी कापली, ती तपासणीचा शिक्का घेऊन परत आली. बंदूक कपाटात बसली, कपाट कोनाड्यात बसलं आणि वहिनींनी दोन बरण्या कपाटाच्या डोक्यावर ठेवल्या. मी मोजून दिलेलं काम इतकं चपखल बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

तीन वर्षांनी दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. व्हिटकमनी सबनिसांना स्कॉटलंडला बोलावलं. आणि हॅलमनी गोळीचा वेग मोजायचं यंत्र घेतलं.

यंत्र साधं. एका दांडीवर दोन चौकटी. गोळी त्यांच्यामधून जाते, यंत्र वेळ मोजतं आणि वेग दाखवतं. पहिलं यंत्र हॅलमनी दुसऱ्याच दिवशी गोळी घालून ठार केलं. दुसरं आलं तेव्हा नेम धरणारा निराळा माणूस ठेवला, आकडे लिहायला मी. गावाबाहेरच्या खाणीत आम्ही दुकानात दुरुस्तीला आलेल्या बंदुका तपासू लागलो. सबनिसांनी निघण्याआधी दुर्बीण बघून द्या म्हणून त्यांची बंदूक सोमवारी ठेवली होती. शुक्रवारी ते निघणार होते.

पहिली गोळी : २६९०. मी यंत्राची बॅटरी बदलली. दुसरी : २६८०. डब्यावर छापलं होतं २९६०. दुकानात होती त्या तिन्ही कंपन्यांची काडतुसं उडवून बघितली. सगळ्यांत चांगला आकडा २७१०. मी वहीत गुणाकार केला, दोनदा केला. त्या सगळ्यांत चांगल्या गोळीचा जोर १६३१ फूट-पाउंड. स्कॉटलंडला १७५० हवा, इंग्लंडला १७००. दोन्हींत नापास.

मग मी डबा उलटा केला. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं : चोवीस इंची चाचणी-नळीतून. मी डाळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणारा माणूस. तीन वर्षं तो डबा विकत होतो. कपाट इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत मोजलं, नळी मोजली, कोनाडा मोजला. गोळी मोजली नाही, कारण ती मी टेबलात आधीच लिहिली होती. नळी आखूड झाली की गोळीला ढकलणाऱ्या दारूला वेळ कमी मिळतो. पिंपरीतल्या शिकाऊ इन्स्पेक्टरनेही विचारलं असतं, "नमुना बदललाय, तर आकडा तोच कसा?"

हॅलमना सांगितलं. त्यांनी पाइप साफ करायला घेतला. "पन्नास यार्डांवर हरणाला शंभर फूट-पाउंडांचा फरक कळत नाही, आर्व."

"कायद्याला कळतो."

"कायदा डोंगरात येत नाही. पण तू विकलीस, तू सांग. सांगून झालं की गप्प बस. दुकानदाराचं काम तेवढंच."

बुधवारी डॉक्टर बंदूक न्यायला आले. हिरवा कोट अंगात होता. त्याच आठवड्यात नवरात्र होतं. त्यांनी आपणहून खुलासा केला, "सुनंदा म्हणत होती, नवरात्रात कसली शिकार. मी म्हटलं, मारणार आहे, खाणार नाही."

मी काउंटरचं दार लावून घेतलं आणि आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वाचले. रिपोर्ट वाचतात तसे, खालून वर.

"पण तुमच्या टेबलात बसतं ना ते?"

"टेबलात बसतं. या बंदुकीतून बसत नाही."

"टेबल कोणी केलं?"

"मी."

"आणि नळी कापा कोण म्हणालं?"

"मीच."

ते खुर्चीवर बसले. "परांजपे, तिथे डोंगरात कोण मोजणार आहे हे?"

"कोणी नाही. पण मी मोजलंय."

"मग तुम्ही पुढच्या सोमवारी मोजायचं होतंत." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे माझं काय अडकलंय. डिसेंबरात इंटरव्ह्यू आहेत. चौदा वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली, तीही चुकीची. मी तिथे जाऊन काय सांगू? माझी बंदूक कपाटाच्या मापाची आहे?"

"शिकारीच्या इस्टेटीची स्वतःची एक बंदूक असते, डॉक्टर. पाहुण्यांना देतात. वाटाड्याला सांगितलं की झालं."

"पाहुण्यांना. ज्यांच्याकडे स्वतःची नसते त्यांना."

त्यांनी बंदूक उचलली, पिशवीत घातली. मी रजिस्टर पुढे केलं, त्यांनी सही केली. ती सही अजून आहे. बाकी सगळ्या सह्या सरळ, ही तिरकी. जाताना म्हणाले, "तुमचा स्वभाव चांगला आहे, परांजपे. पण तो कोणाच्या तरी खर्चाने असतो."

घरी नीलाला सांगितलं. ती लॅबमध्ये रोज लोकांना नको असलेले आकडे कळवते. ती म्हणाली, "रिपोर्ट बरोबरच दिलात तुम्ही. फक्त तीन वर्षं उशिरा."

पुढे काय झालं ते मला वर्षभर कळलं नाही. सबनीस बोलेनासे झाले. दिवाळीच्या फराळाला मंडळात त्यांनी माझ्यापासून बरोबर एका हॉलच्या अंतरावर चकली खाल्ली. कन्सल्टंटची जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली असं कानावर आलं. त्यात बंदुकीचा भाग किती, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. त्या वर्षात मी जुन्या याद्या काढून नळी कापलेल्या प्रत्येक बंदुकीच्या मालकाला पत्र लिहिलं. टेबल खाली उतरवलं. नवं केलं त्यात एक रकाना वाढवला, "प्रत्यक्ष", आणि तो मुद्दाम पेन्सिलीने लिहायला ठेवला. झेरॉक्स मागायला येणारे लोक कमी झाले. फुल्या वाढल्या होत्या ना.

पुढच्या शरदात इंग्लंडच्या कायद्यात बदल झाला. मुंटजॅकसारख्या लहान हरणांसाठी जोराची अट सतराशेवरून हजार फूट-पाउंडांवर आली. त्याच आठवड्यात दुकानात फोन वाजला.

"परांजपे, सबनीस बोलतोय. पेपरात वाचलं. माझी बंदूक आता कायदेशीर झाली का?"

"बागेतल्यासाठी झाली. स्कॉटलंडसाठी नाही."

"म्हणजे गेल्या वर्षी मी गुन्हेगार होतो आणि यंदा नाही. बंदूक तीच, गोळी तीच, मी तोच."

"हो."

"स्कॉटलंडचं तुम्हाला सांगायचं राहिलं. तिथे पहिल्या सकाळी लोखंडी पत्र्यावर नेम धरून दाखवावा लागतो. वाटाड्याने विचारलं, लोड काय आहे तुमचं, म्हणजे काडतूस कुठलं? सगळे उभे होते. व्हिटकमही. माझ्या तोंडून निघून गेलं, सोळाशे एकतीस. अहो, शंभर ग्रेन म्हटलं असतं तरी चाललं असतं त्याला. तुमचा आकडा डोक्यात बसला होता. मग त्याने मला इस्टेटीची टू-सेव्हन्टी दिली. व्हिटकम म्हणाले, हाउ व्हेरी थरो, म्हणजे केवढा हा काटेकोर. दोन दिवस मला थरोच म्हणत होते. निदान ते नाव तरी बरोबर उच्चारत होते."

"जागा त्यामुळे गेली का?"

"जागा त्यांच्या भाच्याच्या वर्गमित्राला गेली. तो गोल्फ खेळतो." मग म्हणाले, "तुमच्यावर वर्षभर राग धरला, कारण त्या वर्गमित्रावर धरता येत नव्हता."

मी क्षमा मागायला लागलो, नळीबद्दल, टेबलाबद्दल, बारीक अक्षरांबद्दल. त्यांनी मधेच तोडलं. "ते राहू द्या. काम वेगळं आहे. ते भेकर अजून गुलाब खातंय."

"तेच भेकर?"

"तेच. उजव्या कानाला खाच आहे."

"पण डॉक्टर, तुम्ही चार वर्षं काडतुसं नेताय."

मग दुसऱ्या खोलीतल्या फोनवरून वहिनींचा आवाज आला. त्या बहुधा सुरुवातीपासून ऐकत होत्या. "भावोजी, तुमच्या रजिस्टरात बघा बरं, यांनी किती नेली?"

मी बघितलं. "साठ."

"तोळ्यात सांगा."

"तेहतीस तोळे आणि वर साठ ग्रेन."

"तेहतीस तोळे," वहिनी म्हणाल्या. "आणि त्याला एक कानाची खाच. तीही जन्मतःच असेल."

डॉक्टर खाकरले. "म्हणून म्हणतो परांजपे, आता मोठं कॅलिबर घ्यावं का? तुमच्या नव्या टेबलात काय येतं?"

सुटणाऱ्या गोळीचा वेग, जोर, वजन, नळीची लांबी, दोन देशांचे कायदे, सगळं माझ्या टेबलात होतं. न लागणाऱ्या गोळीसाठी रकाना नव्हता. सोळाशे एकतीस आणि साडेसतराशे यांच्यातल्या एकशे एकोणीस फूट-पाउंडांसाठी मी एका माणसाची झोप घालवली होती, आणि माझी स्वतःची, आणि त्यातला एकही फूट-पाउंड कुठल्या हरणापर्यंत पोचला नव्हता.

"कुंपण घ्या," मी म्हणालो. "पाच फुटी जाळी."

दुकानात इतक्या वर्षांत मी दिलेला हा एकच सल्ला असा, ज्यात दुकानाचं काहीच विकलं गेलं नाही. फोन ठेवल्यावर हॅलमना इंग्रजीत सांगितलं. म्हणाले, "शेवटी शिकलास."

शनिवारी टेप घेऊन सबनिसांकडे गेलो. वहिनींनी लोणच्याची एक बरणी हातात दिली, कपाटाच्या डोक्यावरची. बागेत गेलो तर भेकर उभंच होतं, कानाला खाच, तोंडात पिवळा गुलाब. आम्हा दोघांकडे बघत ते चघळत राहिलं. डॉक्टर कुजबुजले, "रोज याच वेळेला येतं. मी तिकडे खुर्ची टाकून बसतो, त्या सफरचंदाच्या झाडाखाली."

भेकर निघून गेल्यावर सवयीने खुर्चीपासून गुलाबापर्यंत पावलं मोजली. बावीस भरली. वहीत लिहिली नाहीत.